शेवटचं पान गेलेली पुस्तकं : आदिलाबादच्या एका पुस्तकवाल्याचं रहस्यकथावेड

मागच्या बैठकीत मी जे तोंडी सांगितलं ते लिहून द्या, असा मंडळातल्या दोघा-तिघांनी तगादा लावला, म्हणून हा लेख. मी मूळचा पाटबंधाऱ्याचा माणूस. कालवे, मोऱ्या आणि पाण्याचे हिशेब यांत उमेदीची वर्षं गेली. इतिहासाकडे मी उशिरा वळलो, तेही कुणी न शिकवता. त्यामुळे राजे आणि लढाया सोडून, हातात घेता येईल, मोजता येईल अशा वस्तूपासून सुरुवात करायची माझी खोड आहे. आजची वस्तू म्हणजे पत्र्याच्या तीन पेट्या.

पेट्या आदिलाबादमधल्या एका पुस्तकवाल्याच्या. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं नाव देत नाही. गावात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणतो. दुकान जेमतेम सात फूट रुंद. जून महिन्यात शाळेची पुस्तकं आणि वह्या, दसऱ्याला चोपड्या, मग पंचांग, कॅलेंडर, दिवाळी अंक, असा त्यांचा वर्षाचा फेरा असे. पण दर्शनी भागातला हा सगळा माल पोट भरण्यासाठी होता. काकांचा जीव होता मागच्या भिंतीवरच्या फळ्यांवर. तिथे भाड्यानं द्यायची पुस्तकं असत आणि ती झाडून सगळी रहस्यकथांची. सामाजिक कादंबरी मागितली की काका गिऱ्हाइकाकडे असं बघत, की जणू त्यानं किराणा मालाच्या दुकानात चप्पल मागितली.

काका गेले, पुढे घर पाडून नवं बांधायचं ठरलं. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा असताना त्यांच्या मुलाचा मला फोन आला, "तुम्ही जुनंपुरानं गोळा करता म्हणे, येऊन पाहून जा." गेलो. दुकानातला बराच माल आधीच वाळवीनं खाल्ला होता. उरलेलं तीन पेट्यांत होतं. उघडून बघितलं तर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू. भाषा चार, लिप्या तीन आणि विषय एकच.

मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक माणूस चार भाषांतल्या रहस्यकथा आयुष्यभर वाचत राहतो, हे नुसत्या छंदानं होत नाही. त्याच्या मागे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे. तोच भाग आधी सांगतो.

काकांचा जन्म साधारण १९३० च्या आसपासचा, म्हणजे निजामाच्या राज्यातला. घरात मराठी. पहिले चार-दोन इयत्तांचे धडे मराठीतून. पण पुढची शाळा उर्दू माध्यमाची, कारण राज्यकारभाराची भाषा उर्दू. कोर्टकचेरी, तहसील, महसुलाची कागदपत्रं सगळं उर्दूत. त्यामुळे त्या पिढीतल्या आपल्याकडच्या कित्येक मराठी माणसांचं लिहायचं वळण उर्दूच होतं. बोलायची भाषा एक आणि हिशेब मांडायची दुसरी, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. काकांचंही तसंच. ते मराठी झरझर वाचत, पण हातात पेन्सिल आली की ओळ उजवीकडून सुरू होई. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

उर्दूत तेव्हा गुन्हेकथांचा चांगला बाजार होता. तीरथराम फिरोजपुरी यांनी इंग्रजी-फ्रेंच गुन्हेकथांचे ढीगभर अनुवाद करून ठेवले होते. त्यांत एक मूळ लेखक होता जॉर्ज रेनॉल्ड्स. हा लंडनचा, एकोणिसाव्या शतकातला. 'मिस्टरीज ऑफ लंडन'वाला. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात त्याला फारसं कुणी विचारत नाही, पण हिंदुस्थानात त्याच्याइतका वाचला गेलेला इंग्रज कादंबरीकार विरळा. आता गंमत बघा. याच रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या गो. ना. दातार यांनी. 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष', 'इंद्रभुवनगुहा' ही नावं ज्येष्ठ वाचकांना आठवतील. दातारशास्त्र्यांनी लंडनची गल्ली उचलून थेट आपल्या राजवाड्यात आणून ठेवली, पात्रांना धोतर-अंगरखा नेसवला. काका सांगत की तरुणपणी दातारांचं एक पुस्तक हाती आलं आणि निम्मं वाचून झाल्यावर त्यांना कळलं, की ही गोष्ट आपण उर्दूत आधी वाचली आहे. "नावं बदलली, पण चोर तोच." कोणतं पुस्तक ते त्यांना सांगता आलं नाही. पण एकाच गोष्टीची दोन भाषांतली रूपं ताडून बघायची चटक त्यांना तिथून लागली आणि ती कधी सुटली नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. शाळांतून उर्दू माध्यम मागे पडलं आणि प्रादेशिक भाषा आल्या. काका तेव्हा एका जिनिंगमध्ये मुनिमाच्या हाताखाली होते. त्यांच्या सांगण्यानुसार याच वर्षांत त्यांनी मराठी वाचायला पुन्हा सुरुवात केली आणि ती बाबूराव अर्नाळकरांपासून.

अर्नाळकर म्हणजे मुंबईचे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस हजारावर रहस्यकथा लिहून गेला. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू ही त्यांची माणसं. धनंजय-छोटूच्या मागे होम्स-वॉटसन उभे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण छोटू आपल्यासारखं मराठी बोलतो, ही त्यातली खरी मेख. उर्दूत शिकलेल्या माणसाला मराठीतले मोठे ग्रंथ जड जात. अर्नाळकरांचं वाक्य आखूड, शब्द रोजचे आणि पान उलटल्याशिवाय राहवत नाही अशी रचना. काकांची मराठी परत आणली ती झुंझारनं, असं मी म्हटलं तर वाङ्मयाचे प्राध्यापक भुवया उंचावतील. उंचावू देत.

मग आलं १९५६. भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि त्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याला जोडले गेले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. आपल्या मंडळात या विषयावर पूर्वी बरंच बोलून झालंय, पुन्हा उगाळत नाही. पुस्तकवाल्याच्या नजरेतून याचा अर्थ एवढाच, की त्याचं गिऱ्हाईक होतं तिथेच राहिलं आणि त्याच्या मालाचं गाव सीमेपलीकडे गेलं. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या. मराठी पुस्तकं नागपूरहून किंवा नांदेडहून यायची. नांदेडकडून मुदखेड-किनवटमार्गे मीटरगेजची गाडी, नागपूरकडून पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याच्या रस्त्यानं मोटार. काका महिन्यातून एक चक्कर मारत आणि पोत्यात भरून पुस्तकं आणत. कचेरीत आणि पाट्यांवर तेलुगू चढत गेली. १९६६ च्या राजभाषा कायद्यानं तर ती राज्याची रीतसर राजभाषा झाली. अर्ज तेलुगूत, नोटीस तेलुगूत. दुकानाच्या परवान्याचा कागद वाचून घ्यायला काकांना दुसऱ्याच्या दारात जावं लागे आणि हे त्यांना फार टोचायचं.

त्यांनी तेलुगू शिकायला बालवाचन नाही घेतलं. घेतली डिटेक्टिव्ह कादंबरी. तेलुगूत कोम्मूरी सांबशिवराव (१९२६–१९९४) यांचा डिटेक्टिव्ह युगंधर आणि त्याचा सहायक राजू ही जोडी तेव्हा घरोघरी पोचलेली होती. काकांनी एका तेलुगू गिऱ्हाइकाकडून अक्षरं गिरवून घेतली आणि युगंधर समोर ठेवला. मी त्यांना विचारलं होतं, की समजत नव्हतं तर पुढे कसे जात होता? ते म्हणाले, "बापू, खून झाला हे तं समजलं ना? मंग कोनं केला हे कळल्याबिगर झोप कशी येईल? तेलुगू मले युगंधरनं शिकवली."

मला हे उत्तर पटतं. डोकं लावून बघितलं तर रहस्यकथा ही परकी भाषा शिकायला सोयीची वस्तू आहे. निम्म्याहून जास्त मजकूर संवादांचा. तेच तेच शब्द परत येतात : दार, खिडकी, मोटार, रात्र, रक्त, संशय, खोटं. वर्णनाचा परिच्छेद सुटला तरी बिघडत नाही. आणि मुख्य म्हणजे वाचकाला पुढे ढकलणारी ओढ पुस्तकातच भरलेली असते, बाहेरून छडी लागत नाही. पुढे मधुबाबूंची 'शॅडो' मालिका आली तोवर काका तेलुगू पुस्तकंही भाड्यानं द्यायला लागले होते आणि तहसीलमधली नोटीस स्वतः वाचत होते.

आता धंद्याकडे येतो, कारण तो समजल्याशिवाय एकेका लेखकाच्या हजार-हजार कादंबऱ्या कुठून आल्या हे कळत नाही.

रहस्यकथा माणूस सहसा दोनदा वाचत नाही. खुनी कळला की पुस्तकाचा रस संपला. म्हणजे ती विकत घेऊन घरात ठेवण्यात अर्थ नाही. पण एका रात्रीत वाचून परत करता येते, म्हणजे भाड्यानं द्यायला तिच्याइतका चांगला माल नाही. उदाहरणादाखल धरा, पुस्तक एक रुपयाचं आणि भाडं दहा पैसे. दहाव्या गिऱ्हाइकाला भांडवल वसूल. त्यानंतर पान टिकेल तोवर नफा. पण गावातले वाचक मोजके. महिनाभरात ज्याला वाचायचं त्यानं ते वाचलेलं असतं. तेव्हा भाड्याचं दुकान चालू ठेवायचं तर दर महिन्याला नवं पुस्तक पाहिजे आणि नायक मात्र जुनाच पाहिजे, कारण गिऱ्हाईक लेखकाच्या नावानं किंवा नायकाच्या नावानं मागतं. "नवा झुंझार आला का?" असा प्रश्न असे, पुस्तकाचं नाव कुणी विचारतच नसे. गावोगावच्या अशा हजारो फळ्यांची भूक लेखकांना भागवावी लागे. त्यातून हजार कादंबऱ्यांचे अर्नाळकर तयार होतात आणि नंतरच्या पिढीत गुरुनाथ नाईक, ज्यांनीही हजारावर मजल मारली. प्रतिभेचा भाग होताच, नाही कोण म्हणतो? पण कालव्याला पाणी किती सोडायचं हे शेवटी शेतं ठरवतात.

पुस्तकाची जाडीही धंद्यानंच ठरवलेली. छापखान्यात एक फॉर्म म्हणजे सोळा पानं. सहा फॉर्मची ९६ पानं, सात फॉर्मची ११२, आठची १२८. पेट्यांतली बहुतेक मराठी पुस्तकं याच हिशेबात बसतात. त्यामुळे गोष्ट रंगात आलेली असताना शेवटच्या चार पानांत नायक सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून भराभर उलगडा करतो, ही जी घाई आपल्याला खटकते, तिचं एक कारण मला फॉर्ममध्ये दिसतं. सतरावं पान म्हणजे नवा फॉर्म, म्हणजे खर्च.

कागद रफ, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो, मग तपकिरी, मग दुमडला की मोडतो. शिवण म्हणजे बाजूनं मारलेल्या दोन लोखंडी पिना. पावसाळ्यात त्या गंजतात आणि गंज भोवतीचा कागद खातो. काका नवं पुस्तक आलं की आधी पिना उपटत, दाभणानं तीन भोकं पाडून दोऱ्यानं शिवत आणि वरून पुठ्ठा चढवत. चिकटवायला मैद्याची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. माझ्यासमोरच्या पेट्यांत जी पुस्तकं धड आहेत ती याच पद्धतीनं शिवलेली आहेत. पिनांची तशीच राहिलेली पाच-सहा तर उघडताना हातात तुकडे आले.

एवढं करूनही एक रोग बरा होत नसे. शेवटचं पान. सगळ्यात जास्त हात लागतो पहिल्या आणि शेवटच्या पानाला. त्यात काही वाचक शेवट आधी बघणारे, काही खोडसाळ, काही तंबाखूची पुडी बांधणारे. पुस्तक दहा-पंधरा घरं फिरून आलं की शेवटचं पान नाहीसं होई. आणि शेवटच्या पानावाचून रहस्यकथा म्हणजे काय? पंक्तीत बसवून जेवण वाढलं आणि मीठच नाही. असं पुस्तक दुसऱ्या दुकानदारानं रद्दीत घातलं असतं. काकांनी त्यावर त्यांचा उपाय शोधला. आलेलं प्रत्येक पुस्तक फळीवर ठेवायच्या आधी ते स्वतः वाचत. मग पान गेलेलं कळलं की वह्यांच्या कव्हरचा तपकिरी कागद कापून त्यावर शेवट आठवून लिहीत आणि चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवत. खुनी कोण, कसा सापडला, कुठला पुरावा खोटा होता, सगळं आठ-दहा ओळींत.

आणि ते लिहीत उर्दूत. पुस्तक मराठी, शेवट उर्दू! वर सांगितलं तेच, हात त्याच वळणाचा. जुन्या पिढीच्या गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे, तेही त्याच शाळेत शिकलेले. पण १९७० नंतर जन्मलेल्या आमच्यासारख्यांना ती चिठ्ठी म्हणजे मुंग्यांची रांग. मी सातवी-आठवीत असताना रात्री दहापर्यंत कंदिलाजवळ बसून पुस्तक शेवटाला आणलं की समोर ती चिठ्ठी. सकाळी शाळेच्या आधी दुकानात पळायचं. काका शटर अर्धं वर करून झाडत असायचे. "काका, शेवट सांगा." "पयले तू सांग, कोनं केला?" आपण सांगायचं, का तेही सांगायचं. मगच ते चिठ्ठी वाचून दाखवत. चुकीचं कारण देऊन बरोबर नाव सांगितलेलं त्यांना चालत नसे. गणिताच्या मास्तरांनी माझ्याकडून उत्तराची रीत कधी इतकी कडक मागितली नाही. पुढे मी इंजिनियर झालो त्याचं थोडं श्रेय मी त्या अर्ध्या उघड्या शटरला देतो.

इब्ने सफींबद्दल थोडं सांगतो, कारण दुसरी पेटी जवळजवळ त्यांचीच आहे. १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यात जन्मलेले असरार अहमद म्हणजे इब्ने सफी. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' ही मासिक मालिका सुरू झाली, त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले आणि तरी पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही त्यातली जोडी, आणि १९५५ पासून वेगळी 'इमरान' मालिका. १९६० च्या सुमारास ते आजारी पडले, लेखन थांबलं, आणि १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन परतले. ती तीन वर्षं काका उपासमारीची वर्षं म्हणत. हिंदी आवृत्ती अलाहाबादहूनच निघे आणि तीत फरीदीचा विनोद होई, हमीद मात्र हमीदच राही. पेटीत अशी काही पुस्तकं आहेत जी उर्दूतही आहेत आणि हिंदीतही. मला आधी वाटलं दुबार खरेदी झाली. मग तारखा लावून बघितल्या. उर्दू प्रती जुन्या, हिंदी नंतरच्या. बाप उर्दू वाचणारा, मुलगा नागरी वाचणारा आणि दोघांनाही हमीद हवा. एका घरातली लिपी बदलल्याचा याहून साधा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. जनगणनेच्या तक्त्यात तो सापडणार नाही.

नागरी लिपीचा आणखी एक धागा आपल्या जिल्ह्यात आहे. १९४० च्या जोडेघाट प्रकरणानंतर निजाम सरकारनं हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला इकडे पाठवलं आणि १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली ती नागरी लिपीत. पुढे इथे काम केलेले मराठी अधिकारी आणि इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी-कोलामी भाषांवर लिहिलं. या शाळांतून नागरी शिकलेले काही जण उटनूरकडून आदिलाबादच्या बाजाराला आले की काकांकडून पुस्तकं नेत. कापसाच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, हातात चार पैसे असत तेव्हा चार-चार पुस्तकं एकदम जात आणि पुढच्या आठवडी बाजाराला परत येत. डिपॉझिट घेतल्याचं मला आठवत नाही. बुडालेली पुस्तकं किती असं विचारलं तर काका म्हणत, बुडवणारे सगळे गावातले, बाहेरगावचा एकही नाही.

अशा वाचनाला प्रतिष्ठा कधी नव्हती. शाळेत दप्तरातून काळापहाड निघाला की मार बसे. ग्रंथालयांचं म्हणाल तर घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर आपण सगळेच भरत आलो आहोत, जिल्हा ग्रंथालयात तेलुगू पुस्तकं भरपूर, मराठीचंही कपाट असे. पण त्यात कथा-चरित्रं-ज्ञानेश्वरी. रहस्यकथा घेणं म्हणजे सरकारी पैशाची नासाडी असा समज. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. महिन्याला चार पातळ पुस्तकं काढणारे छोटे प्रकाशक हा नियम कितपत पाळत असतील याचा अंदाज आपण सगळेच करू शकतो. म्हणजे जे लाखो लोकांनी वाचलं तेच जपलं गेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑटो पेन्झलर नावाच्या पुस्तकवाल्यानं १९७९ मध्ये फक्त रहस्यकथांचं दुकान काढलं, 'मिस्टीरियस बुकशॉप'. पहिल्या आवृत्त्यांचा त्यांचा स्वतःचा संग्रह हजारोंचा, पुढे तो लिलावात विकला गेला. हे मी काकांच्या मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या दारातला भाव किलोचा होता.

दुकानाचा उतार मी स्वतः पाहिला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'करमचंद' आला, १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी'. काकांनी दोन्ही शेजारच्या घरी जाऊन पाहिले आणि ब्योमकेशला पास केलं. मराठीत सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद तोवर चांगले चालत होते, हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक होते, मेरठचे बाकीचे होते. १९९३ चा वेद प्रकाश शर्मांचा 'वर्दी वाला गुंडा' ही मला आठवणारी शेवटची गर्दी, फळीवर आला की त्याच संध्याकाळी गेलेला. त्यानंतर केबल आली. मराठी शाळा काही गावांत आजही आहेत, पण पोरांचा ओढा इंग्रजीकडे वळला आणि मराठी वाचणारं नवं गिऱ्हाईक येईना. शेवटची वर्षं काका स्वतःच आपल्या दुकानाचं एकमेव गिऱ्हाईक होते. मी सुट्टीत गेलो की ते एखादं पुस्तक पुढे करत आणि म्हणत, "हे मी तिसऱ्यांदा वाचून राह्यलो." रहस्यकथा दोनदा वाचत नाहीत हा वर मांडलेला नियम त्यांनीच मोडला. कारण विचारलं, तर म्हणाले, आता कोणी केला ते माहीत असतं, म्हणून लेखकानं कुठे कुठे लपवलं ते पाहता येतं.

यादीचं काम सध्या दीड पेटीपर्यंत आलं आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, छापखाना, पानं, किंमत आणि मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी आहे की नाही, एवढे रकाने मी केलेत. चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक दर शुक्रवारी नमाजानंतर येतात, ते वाचतात, मी मराठीत उतरवून घेतो. काकांचं अक्षर शिकस्ता वळणाचं, त्यावर खळीचे डाग, कधी एका चिठ्ठीला तासभर जातो. अर्नाळकरांच्या काही गोष्टींचे संग्रह अलीकडे पुन्हा निघाले आहेत, त्यामुळे दोन ठिकाणी छापील शेवट आणि काकांचा शेवट शेजारी ठेवून बघता आला. एकात काका तंतोतंत बरोबर. दुसऱ्यात त्यांनी खुन्याला फाशीच्या ऐवजी नदीत बुडवलं आहे. विसरले की मुद्दाम केलं, सांगता येत नाही.

एक चिठ्ठी पुस्तकापासून सुटून पेटीच्या तळाशी पडलेली मिळाली, वर नाव नाही. जिनिंग फॅक्टरीच्या मालकाचा खून, तिजोरीची दुसरी किल्ली, आणि खुनी मुनीम. खाली बारीक अक्षरात काकांनी लिहून ठेवलंय, की हे मला तिसऱ्या प्रकरणातच कळलं होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये घडणारी, मुनीम खुनी असलेली अशी मराठी, हिंदी, उर्दू किंवा तेलुगू रहस्यकथा वाचकांपैकी कुणाला आठवत असेल, तर मंडळाला कळवावं. यादीत तो रकाना कोरा ठेवला आहे.